खारघरच्या डोंगरावरची पायवाट आणि माझं मागचं चाक

नेरुळकर | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आज लिहायला बसलो ते काल एका आजोबांची बोलणी खाऊन आलो म्हणून.

माझ्याकडे चार वर्षं जुनी हार्डटेल, म्हणजे मागे झटके झेलणारी स्प्रिंग नसलेली, सायकल आहे. पुढे १०० मिलिमीटर दबणारा फोर्क, २९ इंची चाकं, डिस्क ब्रेक. आजवर ती फक्त पाम बीच रोडवर धावली. शर्यतीचा बैल आणून तेलाच्या घाण्याला जुंपावा, तशातली गत. यंदा गणपती गेल्यावर ठरवलं, आता मातीत जायचं.

खारघरच्या डोंगरावर जाणारा डांबरी रस्ता इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. पाचेक किलोमीटरचा चढ, वर पठार, चाफेवाडी-फणसवाडीकडे जाणारा. पहाटे चालणारे, पळणारे, रोडबाइकवाले सगळे तिथेच. मी दोनदा वर जाऊन त्याच रस्त्याने खाली आलो आणि दोन्ही वेळा वाटलं, डांबरावरूनच उतरायचं तर एवढे जाड टायर कशाला घेतले? तिसऱ्या वेळी पठारावर एका पाड्याच्या मागे पायवाट दिसली. घातली सायकल.

पहिले दोनशे मीटर म्हणजे निव्वळ सुख. कमरेएवढं गवत, मधून हातभर रुंद तांबूस वाट, टायरचा आवाजसुद्धा नाही. मग वाट सोंडेवर आली आणि नाकासमोर सरळ खाली सुटली. मी घाबरलो. मागचा ब्रेक करकचून दाबला. चाक थांबलं, सायकल थांबली नाही. पन्नासेक पावलं तसाच घसरत गेलो, नांगर धरल्यासारखा. शेवटी पुढचं चाक धोंड्याला अडलं आणि मी कारवीत.

कोपर झटकत उठलो तर वरून एक आजोबा येत होते. कमरेला कोयता, हातात रिकामी गोणी. लागलं का विचारलं. नाही म्हटल्यावर वाटेकडे बोट केलं. "या पायठण्या आम्ही पावसाच्या आधी खणल्या. बघ काय केलंस ते."

मागे वळून बघितलं तेव्हा कुठे त्या दिसल्या. उतारावर कुदळीने कोरलेल्या वीत-वीतभर पायऱ्या, प्रत्येकीच्या तोंडाशी चपटा दगड. वर येताना त्या कुणालाही दिसतील. वरून खाली येताना मात्र नुसती माती दिसते. माझ्या चाकाने नऊ पायठण्यांच्या कडा खरवडून त्यांची घसरगुंडी केली होती. मधोमध चार बोटं खोल चर. "आता पाणी याच्यातनंच जाणार," एवढं बोलून ते उतरून गेले. रागावलेसुद्धा नाहीत फारसे. तेच जास्त लागलं.

तर विचारायचं असं, की ठाणे-नवी मुंबईच्या डोंगरांत पायवाटेवर सायकल न्यावीच का? न्यायची तर कशी? आणि शिकायला कुठे जायचं?


कळवेकर | सोमवार, रात्री ११:०५

कारवीत पडलात म्हणजे स्वस्तात सुटलात. मी मागे मुंब्र्याच्या बाजूला खाजकुयलीत पडलो होतो. घरी आल्यावर बायकोने दारातच उभं केलं. पुढचं लिहीत नाही.

बाकी धागा छान. वाचतोय.


मी_ट्यूबलेस | मंगळवार, सकाळी ७:१५

नेरुळकर, तुमची चूक शंभरातले नव्वद जण करतात. उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं. हलकं चाक दाबलं की लगेच अडकतं आणि अडकलेलं चाक थांबवत नाही, नुसतं खरवडतं. खरं काम पुढच्या ब्रेकचं. "पुढचा दाबला की डोक्यावरून जातो" ही भीती शाळेतल्या सायकलपासून मनात बसलेली असते. डोक्यावरून जातो तो माणूस सीटवर ताठ बसलेला असतो म्हणून. बूड उचला, सीटच्या मागे न्या, टाचा खाली, दोन्ही पेडल जमिनीला समांतर. मग दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, थोडे-थोडे, उतार सुरू व्हायच्या आधीपासून. चाक फिरत राहिलं पाहिजे. वळणात ब्रेक धरू नका, वळणाआधी वेग मारा.

नजर पंधरा फूट पुढे. धोंड्याकडे बघत राहिलात तर सायकल इमानाने त्याच्यावरच जाते.

आणि हवा किती होती? पाम बीचवाले पन्नास पीएसआय मारून फिरतात. त्या हवेला मातीवर टायर चेंडूसारखा उसळतो, पकड शून्य. माझं वजन ७२ किलो, सव्वादोन इंची ट्यूबलेस टायर. पुढे २१ ठेवतो, मागे २४. तुमच्यात ट्यूब असेल तर तिशीच्या फार खाली जाऊ नका, नाहीतर धोंड्यावर रिम आपटून ट्यूबला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी.


नेरुळकर | मंगळवार, दुपारी १:३०

हवा ४८ होती. 🙈

अजून एक. पुढचा ब्रेक मी मुद्दामच कमी वापरत होतो, कारण त्याचा लिव्हर दाबला की परत यायला वेळ लावतो. दोन महिन्यांपूर्वी एका दुकानात ब्रेक ऑइल बदलून घेतलं, तेव्हापासूनचं हे.


मी_ट्यूबलेस | मंगळवार, दुपारी १:४२

ब्रेक कुठल्या कंपनीचे? शिमानो असतील तर त्यांना मिनरल ऑइल लागतं. मोटरसायकलला घालतात ते डॉट फ्लुइड त्यात गेलं तर आतली रबरी सीलं फुगतात. लिव्हर जड होतो, परत येत नाही, पुढे गळायला लागतो. नुसतं धुऊन भागत नाही. तो ब्रेक घेऊन उतारावर जाऊ नका, हात जोडून सांगतो.


नेरुळकर | मंगळवार, रात्री ९:२०

शिमानोच आहेत. दुकानात फोन केला. "साहेब, ऑइल ते ऑइल." पोराने मोटरसायकलच्याच बाटलीतलं भरलं होतं. नवीन ब्रेक मागवला. आता उरला प्रश्न नऊ पायठण्यांचा.


येऊरची_अनू | मंगळवार, रात्री १०:१०

ठाण्यातलं कुणी वाचून येऊरला निघायच्या आधी लिहिते.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. उपवनवरून वनखात्याच्या गेटातून गावापर्यंत जो डांबरी रस्ता जातो त्यावर रोज पहाटे सायकली असतात. चढ चांगला आहे, पायांना व्यायाम होतो. पण रस्ता सोडून आत पायवाटेला शिरणं ही वेगळी गोष्ट. राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरलात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा होतो. "पाड्यातले लोक जातात की" हा वाद तिथल्या गार्डशी घालू नका. ते तिथे राहतात, आपण खेळायला जातो. जंगलात सायकलच चालवायची हौस असेल तर बोरिवलीच्या बाजूने उद्यानात शिरा आणि कान्हेरीचा रस्ता धरा.

दुसरं, बिबट्या. आम्हाला लहानपणापासून सवय आहे. तो आपल्या मागे लागत नाही. पण त्याला अचानक समोर आलेलं आवडत नाही आणि सायकल अगदी मांजराच्या पावलांनी येते. त्यात हँडलवर वाकलेला माणूस लांबून लहान दिसतो. अंधारात जाऊ नका, एकटे जाऊ नका, कानात गाणी नकोत. माझे काका हँडलला बैलाच्या गळ्यातलं घुंगरू बांधायचे. आम्ही हसायचो. पण खरं तर ते बिबट्यापेक्षा डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बायकांसाठी होतं. मोळी घेतलेल्या बाईला मान वळवता येत नाही. मागून सायकल आली तर ती बाजूला होणार कशी? घुंगरू वाजलं की कळतं. आणि मोळी दिसली की आपण उतरायचं, सायकल गवतात आडवी करायची. ती थांबली तर तिला ते ओझं पुन्हा तोलावं लागतं.


सह्यभटक्या | बुधवार, सकाळी ११:००

नेरुळकर, ती वाट नेमकी कुठली? जीपीएस ट्रॅक टाका ना. आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, रविवारी येतो.


नेरुळकर | बुधवार, सकाळी ११:२५

नाही टाकणार. मी एकट्याने जाऊन काय केलं ते वर लिहिलंय. दहा जण गेलात तर आजोबांना मी तोंड दाखवू शकणार नाही.


सह्यभटक्या | बुधवार, सकाळी ११:४०

हे काय पटत नाही. वाट काय तुमच्या सातबाऱ्यावर आहे का? तुम्हाला सापडली म्हणून तुमची? आणि एक सांगा, पाड्यातली पोरं त्याच पायवाटांवर मोटरसायकली घालतात तेव्हा पायठण्या मोडत नाहीत? मी स्वतः पाहिलंय. शहरातून आलेल्या सायकलवाल्यालाच सगळे नियम.


ढोरवाट | बुधवार, दुपारी ४:१५

सह्यभटक्या, तुमचा मुद्दा खोटा नाही. मोटरसायकलने जास्त माती उखडते. पण मोडलेली पायठणी पुढच्या मे महिन्यात कोण खणतं, तेही बघा. मोटरसायकलवाल्या पोराचा बाप खणतो.

मी तीस वर्षं मृदसंधारणाच्या कामात काढली. समतल चर, दगडी बांध, हेच आयुष्य. सायकलीतलं फार कळत नाही (मुलगा चालवतो), पण पाण्याचं कळतं. नऊ पायठण्या मोडल्या म्हणजे काय झालं, ते जरा सविस्तर सांगतो.

डोंगरावर पडलेल्या पाण्याला सर्वांत जवळचा उतार हवा असतो. वाट आडवी असेल तर पाणी ती ओलांडून गवतात जातं. वाट सरळ खाली जाणारी असेल तर पाण्याला तयार पाट मिळतो. मग ते वाटेतूनच पळतं, वेग धरतं, माती घेऊन जातं. पहिल्या वर्षी चार बोटं, दुसऱ्या वर्षी वीतभर, तिसऱ्या वर्षी त्यात माणूस गुडघ्याएवढा उतरतो. मग लोक चर टाळून शेजारून चालतात आणि शेजारी दुसरा चर पडतो. आपल्याकडे एका पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो, त्यामुळे हे सगळं पटापट घडतं.

ढोरं सरळ उतारावर चढत नाहीत हे पाहिलंय का? ती आडवी-आडवी जातात. म्हणून ढोरवाटा टिकतात. (माझं नाव त्यावरूनच.) सरळ वाटा पाडतो माणूस, कारण त्याला बस गाठायची असते. आणि सरळ वाट पाडली की पायठण्या कोरणं आलंच. त्या नुसत्या पाय ठेवायला नसतात. प्रत्येक पायरीवर पाणी आपटतं, वेग मोडतो, माती खाली बसते. तुमच्या चाकाने नेमकं तेच काम बंद पाडलं.

मुलाने मला परदेशातल्या सायकलवाटा कशा आखतात ते दाखवलं. म्हटलं, अरे, हे तर आमचंच शास्त्र! त्यांचा एक ढोबळ नियम असा, की वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. डोंगर ४० टक्के उताराचा असेल तर वाट २० च्या आत. एकूण वाटेची सरासरी १० टक्क्यांच्या आसपास. वाट दरीच्या बाजूला किंचित, ५ टक्के कलती. आणि उतरत्या वाटेत मधून-मधून दोन पावलं उलटा चढ, म्हणजे पाणी तिथे थबकतं आणि वाट सोडून बाहेर पडतं.

आता तुमची सोंडेवरची वाट या मापाने बघा. ती सायकलची वाटच नाही. उद्या जगातला उत्तम सायकलवाला आणलात तरी पावसाळ्यानंतरच्या ओल्या मातीत तो तिथे ओरखडा काढणारच. दुसरा मोह जाळरेषांचा. वणवा पसरू नये म्हणून वनखातं गवत जाळून पट्टे काढतं, ते सोंडेवरून सरळ खाली आलेले दिसले की पोरांचे हात शिवशिवतात. रुंद दिसतात, पण गवताची मुळं गेलेली असतात. नुसता सुटा मुरूम. तिथे चाक अडकलं तर घसारा तुमच्यासकट खाली येतो.


मी_ट्यूबलेस | बुधवार, संध्याकाळी ६:३०

ढोरवाटकाका, __/\__

जाळरेषेवरून आठवलं. या खेळाची सुरुवातच तशा रस्त्यावर झाली. कॅलिफोर्नियात मरिन काउंटी म्हणून भाग आहे. तिथल्या डोंगरात वणवा विझवायला जायचे कच्चे रस्ते होते. सत्तरच्या दशकात काही पोरं जुन्या, जाड टायरच्या जड सायकली त्यावरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली घड्याळ लावून शर्यत घेतली. साधारण साडेतीन किलोमीटरात ४०० मीटर उतार. ब्रेक कुठला, तर पेडल उलटं मारलं की मागच्या हबमध्ये लागणारा. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. दर खेपेला हब उघडून नव्याने ग्रीस भरायचं. इंग्रजीत त्याला 'रिपॅक' म्हणतात, शर्यतीचंही नाव तेच पडलं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची ही आज सायकलींवर दिसणारी नावं त्याच टोळक्यातली.

सांगायचं हे, की पायवाटांवरून भांडण तिथेही झालंच. चालणारे आणि घोडेवाले एका बाजूला, सायकलवाले दुसऱ्या. बऱ्याच वाटा सायकलला बंद झाल्या. त्यातून १९८८ मध्ये माउंटन बायसिकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. काका म्हणतात ते वाटा आखायचे नियम तिनेच लोकांपर्यंत नेले. म्हणजे सह्यभटक्या, हा वाद खारघरला नवीन नाही.


कळवेकर | बुधवार, रात्री ८:००

अवांतर : आमच्या पारसिक डोंगराच्या पोटातून १९१६ पासून रेल्वे जाते, वर देवी बसलीय, कडेला खाणी. डोंगराला कुणी विचारलं नाही कधी.

बरं, मुद्द्याचं. जुन्या दगडखाणींत सायकली घालायची टूम निघालीय. मी एकदा गेलो, पुन्हा जाणार नाही. खाणीची कड खालून पोखरलेली असते आणि वरून समजत नाही. तळाला साठलेलं पाणी किती खोल, देव जाणे. व्हिडिओत मस्त दिसतं, हे मान्य.


येऊरची_अनू | बुधवार, रात्री ८:२०

आणि पावसात पांडवकडा-गवळीदेवच्या बाजूला नकोच. धबधब्याची गर्दी, शेवाळलेला कातळ, पांडवकड्याला तर दरवर्षी बंदीच असते.


पनवेलची_माहेरवाशीण | गुरुवार, सकाळी ९:४५

शिकायला कुठे जायचं याचं उत्तर कुणी दिलंच नाही की! नेरुळकरदादा, पनवेलला या. तिथून नेरे, मालडुंगे करत धोदाणीपर्यंत जायचं. माथेरानच्या पायथ्याचं गाव, समोर डोंगराची भिंतच उभी असते. वाटेत गाढेश्वरचं, म्हणजे देहरंगचं धरण. मुख्य रस्ता डांबरी, पण दोन्ही अंगांना शेतात जाणाऱ्या गाडीवाटा आहेत. रुंद, दगडगोटे भरपूर, चढ-उतार बेताचे. ट्रॅक्टर आणि बैलगाडी जाते त्या वाटेला तुमच्या सायकलने काय होणार? भाताची कापणी झाल्यावर या, दिवाळीनंतर. माती वाळून कडक होते आणि शेतकरी ओरडत नाही. त्याआधी बांधावरून सायकल नेलीत तर माझा भाऊच ओरडेल.

बदलापूरकडचे लोक कोंडेश्वर, बारवीच्या बाजूला जातात. मी गेले नाही, त्यामुळे तिथलं लिहीत नाही.

तिथे महिनाभर ब्रेक शिका आणि मग डोंगराकडे बघा.


सह्यभटक्या | गुरुवार, सकाळी १०:३०

धोदाणी चालेल. दिवाळीनंतरचा पहिला रविवार. ट्रॅक नको मग, राहू दे.


नेरुळकर | दोन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७:००

धागा वर काढतो.

मागच्या रविवारी डांबरी रस्त्याने सायकल वर नेली, पाड्याबाहेर आंब्याला टेकवली आणि आजोबांचं घर शोधलं. त्यांनी ओळखलंच नाही. हेल्मेट घातल्यावर ओळखलं. आजी आतून कारवीच्या कुडाआडून हसत होत्या. पायठण्या दुरुस्त करायला आलोय म्हटल्यावर आजोबांनी माझ्या बुटांकडे बघितलं, मग हातांकडे, आणि कुदळ स्वतःच्याच खांद्यावर घेतली.

मला वाटत होतं पायठणी म्हणजे माती कोरून दगड लावला की झालं. पहिला दगड मी उभा लावला. त्यांनी पायाने ढकलून पाडला. दगड आडवा, रुंद बाजू खाली, आणि तोंड किंचित डोंगराकडे कललेलं, म्हणजे वरून भार आला की तो आणखी आत बसतो. मागे मुरूम भरायचा, त्यावर पाणी शिंपडायचं, टाचेने चोपायचं, पुन्हा मुरूम. मऊ माती वापरली की ओरडायचे, "ही राहायची नाही." एका पायठणीला अर्धा तास. चार त्यांनी केल्या, चार आम्ही दोघांनी मिळून. ते जेवायला गेले तेव्हा एक मी एकट्याने केली.

सगळं झाल्यावर ते वर गेले आणि पहिल्या पायठणीच्या चार हात वर त्यांनी वाटेवर तिरका चर ओढला, कडेच्या गवतात सोडला. म्हणाले, "पाणी इथंच बाहेर काढायचं." काका, तुमची आठवण झाली.

परवा परतीचा पाऊस झाला. इथे नेरुळलाच तासभर असा काही कोसळला की मला झोप नाही. आज जाऊन बघितलं. सहा जशाच्या तशा. दोन दगड किंचित कलले आहेत. एक पूर्ण वाहून गेली, दगडसुद्धा सापडला नाही. कुठली ते सांगायला नको.


ढोरवाट | रविवार, संध्याकाळी ७:२५

नऊपैकी आठ टिकल्या? आमच्या खात्यात यापेक्षा कमी टिकलेल्या कामांची बिलं निघालीत.

तो तिरका चर दर पावसानंतर साफ करावा लागतो. पानं अडकली की पाणी पुन्हा वाटेत येतं. आजोबांना विचारा, ते करतच असणार.


कळवेकर | रविवार, संध्याकाळी ७:४०

जेवण मिळालं का ते सांगा आधी.


नेरुळकर | रविवार, संध्याकाळी ७:५०

नाचणीची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी. दोन खाल्ल्या.

पुढच्या रविवारी वाहून गेलेली नववी करायला जातोय. आजोबा म्हणाले, कुदळ आमची आहे, तू पहार आण, खालचा धोंडा हलवायचाय. मित्राकडून पहार मिळाली, पण पाच फुटी आहे. सायकलवर कशी बांधू?


मी_ट्यूबलेस | रविवार, संध्याकाळी ७:५५

वरच्या दांड्याला लावा, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी तीन ठिकाणी घट्ट. पाय फिरवून बघा, गुडघ्याला लागता कामा नये. टोक मागे ठेवा आणि त्याला फडकं गुंडाळा. चढ चढताना कळेल आजोबा काय म्हणतात ते.